दस्तीखालचा हात

उत्कर्षचा आकड्यांवर भारी भरवसा. आईनं, म्हणजे तुळजाबाईंनी, अंग कणकणतंय म्हटलं की हा कपाळाला हात लावायच्या आधी थर्मामीटर शोधणार. थर्मामीटरनं अठ्ठ्याण्णव पॉइंट चार दाखवलं की विषय संपला. मग माउली दिवसभर कण्हत पडली तरी तिला ताप नाही. असा माणूस टेस्टिंग इंजिनिअर झाला नसता तरच नवल.

घर उमरग्यात, हायवेच्या मागच्या गल्लीत. नोकरी पुण्याच्या एका कंपनीत. नव्या पिढीचं मोबाइल नेटवर्क जिथं चाचणीपुरतं उभं करतील तिथं जायचं, डोळ्यांवर चढवायच्या व्हीआर चष्म्यातली अ‍ॅपं त्यावर पळवून बघायची आणि शेवटी पास किंवा फेल लिहायचं, एवढंच काम. पण ते काम त्याला तीन वर्षं गावोगाव हिंडवत होतं. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि त्यातले एकशे सत्तेचाळीस दिवस तो पुण्यात बायकोजवळ राहिला होता. हा आकडाही अर्थात त्यानंच काढलेला. शिवांजलीला आता सातवा महिना होता. साहेबांनी शब्द दिला होता की माकणी गावातल्या अठराच्या अठरा चाचण्या पास झाल्या की हेड ऑफिसात खुर्ची, फिरती कायमची बंद. सतराला मात्र खुर्ची नव्हती.

त्यामुळं मार्चातल्या त्या दुपारी माकणीत जाईबाईंच्या शेळ्यांच्या वाडग्यापाशी, म्हणजे कुडाच्या गोठ्यापाशी, टेबल मांडून बसताना त्याला उन्हाचं, माश्यांचं, लेंड्यांच्या वासाचं काहीच वाटत नव्हतं. तेरा चाचण्या पास झाल्या होत्या. बांधावर ट्रेलरवर उभा केलेला टॉवर होता, त्याचा पल्ला जेमतेम दोन किलोमीटर. धरणाकडून वारं येत होतं.

अ‍ॅपचं नाव होतं हातबाजार. घरबसल्या शेळ्यांची खरेदी. ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्यानं शेळी फक्त ताटात बघितली असावी, पण ते जाऊ द्या. वाडग्यात मधोमध खांबाला सगळीकडं बघणारा गोल कॅमेरा बांधायचा. घेणाऱ्यानं कुठंही बसून चष्मा चढवायचा, की शेळी त्याच्यासमोर जशीच्या तशी उभी. हातात मोजा घातला की तिला चाचपताही येई, दात बघता येत, कंबर दाबता येई. मोज्याच्या बोटांत बारक्या पिशव्या हवेनं फुगत, त्यामुळं तिकडं जे घडलं ते हाताला कळे.

आणि चौदावी चाचणी होती सौद्याची. या भागातले जुने व्यापारी भाव तोंडानं बोलत नाहीत. खांद्यावरची दस्ती दोघांच्या हातांवर टाकायची आणि तिच्याखाली बोटं दाबून भाव सांगायचा. बघणाऱ्यांना वर नुसतं फडकं हलताना दिसतं. पटलं नाही की बोटं झटकायची, पटलं की पंजा गच्च मिटायचा. मग घेणारा जनावराच्या पाठीवर आपल्या रंगाचा पट्टा ओढतो आणि दिवस मावळायच्या सुमाराला येऊन माल घेऊन जातो. अ‍ॅपमध्ये हे सगळं होतं, दस्तीसुद्धा. तिचा रंग निवडायला बारा पर्याय होते.

बोटांची भाषा येणारा माणूस म्हणून कंपनीनं नानासाहेबांना गाठलं होतं. वय चौऱ्याहत्तर, पन्नास वर्षं शेळ्यांची दलाली केलेली. आल्या आल्या त्यांनी एक अट घातली.

"हे बघा सायेब, चाचणी तुमची, हात माझा. म्या खोटा हात धरत न्हाय. पंजा मिटला की सौदा झाला."

"होय नाना," उत्कर्ष म्हणाला. "पण ही टेस्ट आहे. मी फेल लिहिलं तर त्यातलं सगळं पुसलं जातं. पास लिहिलं तरच नोंद राहते."

"ते तुमच्या मिशीनचं झालं. म्या माझ्या हाताचं सांगायलोय."

जाईबाईंची वेगळीच चौकशी. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या बाई. त्यांच्या नऊ शेळ्या, नऊही काळ्याकुळकुळीत, आणि नऊ जणींना नावं. "नुसतं दाखवायचं हाय ना? इकायचं न्हाय?"

"नुसतं दाखवायचं, मावशी."

"मग दावं माझ्याच हातात ऱ्हाईल," असं म्हणून त्या वाडग्याच्या दारातच बसल्या.

सुरुवातीच्या चाचण्या मजेत गेल्या. टोपीवर चष्मा बसेना, टोपी काढायला नाना तयार होईनात, शेवटी चष्म्यावर टोपी बसवली. चष्म्यातल्या मोकळ्या बाजारात नानांनी आधी चारी दिशांना रामराम घातला. मग खाली बघून म्हणाले, "सायेब, ह्यात माझे पाय दिसंनात."

"पाय नाहीतच त्यात. नुसते हात आहेत."

"मग गिऱ्हाईक पळालं तर म्या मागं कसा पळू?"

उत्कर्षनं हे गंभीरपणे सूचनांच्या रकान्यात लिहून घेतलं. शेळीचं वजन नजरेनं सांगायची सोयही अ‍ॅपमध्ये होती. तिनं जाईबाईंच्या मैनेला तीनदा एकशे बारा किलो ठरवलं. जाईबाईंना हसू आवरेना. सुदैवानं वजनाची चाचणी दुसऱ्या कुणाच्या खात्यात होती.

घेणाऱ्याच्या जागी चैताली होती, त्याची सहकारी. ती उमरग्यात एका दवाखान्यावरच्या खोलीत चष्मा आणि मोजा घेऊन बसली होती, साध्या वायरीच्या इंटरनेटवर. इकडं नानांनी बोट दाबल्यापासून तिकडचं उत्तर नानांच्या मोज्यात यायला नेटवर्कमुळं लागणारा जादाचा वेळ मोजायचा. तो वीस मिलिसेकंदांच्या आत हवा. वीसच्या आत असला की उत्कर्षच्या लॅपटॉपच्या पडद्यावर हिरवा दिवा, वर गेला की लाल.

तीन वाजून वीस मिनिटांनी चौदावी चाचणी सुरू झाली. नाना खाटेवर बसले, समोरच्या मोकळ्या हवेत हात पुढं केला. पडद्यावर दस्ती पसरली. आकडा अकरा. हिरवा.

मग नऊ. मग चार. उत्कर्ष पुढं सरकून बसला. एवढं चांगलं नेटवर्क त्यानं तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. आकडा एकवर आला आणि मग शून्यावर.

"पोरगी तयार हाय," नाना म्हणाले. "कुणाची म्हनला?"

"आमच्या ऑफिसातली आहे."

"घरात दलाली असणार. असा हात घरातूनच येतो."

आकडा उणे तीन झाला.

उत्कर्षनं आपला नंबरचा चष्मा पुसून पुन्हा बघितलं. उणे तीन म्हणजे नानांनी बोट दाबायच्या आधीच तिकडून उत्तर येत होतं. असं होत नसतं. दोन्हीकडची घड्याळं जुळत नसणार, हे उघड होतं. त्यानं घड्याळं जुळवली. आकडा उणे चाळीस झाला. दिवा हिरवाच राहिला, कारण दिव्याला एवढंच शिकवलेलं की वीसपेक्षा कमी असलं की हिरवं. उत्कर्षनं थोडा विचार केला आणि दिव्याचं म्हणणं मान्य केलं.

"म्या मनात आणतोय तवर ती झटकायलीय," नाना म्हणाले. त्यांना राग आला नव्हता, उलट तोंडावर कळा आली होती. "आनि अर्धं बी मागायलीय."

"अर्धं कसं मागेल? अ‍ॅपमध्ये अर्ध्याची सोयच नाही."

"मधल्या बोटाच्या पेराला नख लावलं की अर्धं. माझ्या उस्तादानं शिकिवलेलं. आता करणारं कुणी ऱ्हायलं न्हाय."

मोज्याच्या एकेका बोटात एकेकच पिशवी होती. पेर वेगळं दाबायचं म्हटलं तरी दाबता येत नव्हतं, नख तर लांबच. शिवण टोचत असावी, असं उत्कर्षनं लिहिलं.

"हात थोराड हाय पोरीचा," थोड्या वेळानं नाना म्हणाले. "आनि गार."

"मोजा गार असतो, नाना."

"मोजा माझ्या हातात हाय. गार तिकडचं हाय."

उत्कर्षनं चैतालीला फोन लावला. पलीकडं कपबश्यांचा आवाज येत होता.

"सर, तुम्हाला मेसेज केला होता की," चैताली म्हणाली. "मोज्याची बॅटरी उतरलीय. चार्जिंगला लावलाय. मी खाली चहाला आलेय, वीस मिनिटं झाली."

मेसेज खरंच आलेला होता, तीन वाजून सत्तावीसचा.

आता इथं तुम्ही आम्ही असतो तर टेबल आवरलं असतं. पण शिकलेल्या माणसाला घाबरायच्या आधी कारण शोधायची खोड असते, आणि ते सापडतंही लगेच. नानांचेच दाब सर्व्हरवर जाऊन परत येत असणार, आपलाच आवाज विहिरीतून यावा तसे. उत्कर्षला हे इतकं पटलं की ते नानांना सांगावं असंही त्याला वाटलं नाही. म्हाताऱ्याचा विरस कशाला करा.

"सायेब," दारातून जाईबाई हळूच म्हणाल्या. "शेळ्यांनी रवंथ थांबवलाय."

त्यानं वळून बघितलं. मघापर्यंत नऊ तोंडं हलत होती. आता एकही हलत नव्हतं. नऊही जणी खाटेसमोरच्या मोकळ्या जागेकडं बघत होत्या, नानांचा हात जिथं संपत होता तिथं.

"टॉवरमुळं असेल," उत्कर्ष म्हणाला.

"टावर तिकडं हाय."

तो पडद्याकडं वळला. तिथं सौदा काही जुळत नव्हता. नाना एकेक शेळी दाखवायला सांगत, जाईबाई तिला कॅमेऱ्यासमोर आणत, आणि दस्तीखाली बोटं झटकली जात. मैना झाली, बिजली झाली, लांब कानांची हरणी झाली. हरणीला नाही म्हटल्यावर मात्र जाईबाईंचा संयम सुटला.

"हरणीत काय खोट हाय म्हणावं? इचारा."

"इचारलं की," नाना म्हणाले. "म्हणतंय, दुसरं दाखवा."

"दुसरं म्हणजे कुठलं?"

"ते सांगंना. नुसतं हात धरून बसलंय."

उत्कर्षनं नोंदींचं पान उघडलं. सगळ्यात खाली एक नवी ओळ आली होती. *सौदा पूर्ण. वेळ ४:१२.* त्यानं मनगटावर बघितलं. चार वाजून नऊ मिनिटं झाली होती. म्हणजे घड्याळ अजून पुढंच पळतंय. त्यानं कपाळाला आठी घातली. एवढ्यात पडद्यावरचं चित्र फाटलं. बिजलीनं कॅमेऱ्याची वायर तोंडात धरली होती आणि कामाला लागली होती.

"मी बघतो," म्हणत उत्कर्ष उठला. अंगात कंपनीचा काळा टी-शर्ट होता. वाकून तो वाडग्यात शिरला, बिजलीच्या तोंडातून वायर ओढून काढली आणि खांबाशी दोन्ही गुडघे टेकून बसला. हात मोकळे हवेत म्हणून वायर बांधायची पट्टी दातात धरली. कॅमेऱ्याचा हिरवा डोळा पुन्हा लागला.

"हां," खाटेवरून नाना म्हणाले. "आता कसं. जागं झालं गिऱ्हाईक."

उत्कर्षचं लक्ष वायरीत होतं.

"कंबर दाबून बघायलंय," नाना म्हणाले.

उत्कर्षच्या कमरेत दोन्ही बाजूंनी काहीतरी घट्ट रुतलं. "हॅट्," तो पट्टी धरलेल्या दातांतूनच म्हणाला आणि मागं हात झटकला. मागं कुणी नव्हतं. शेळ्या सगळ्या कुडाला लागून उभ्या होत्या, त्याच्यापासून होतील तितक्या लांब.

"दात बघायलंय."

पट्टी तोंडातून खाली पडली. खालच्या ओठावर गार काहीतरी टेकलं, अंगठ्याएवढं, आणि त्यानं ओठ खाली ओढला. फार नाही, एक क्षणभर. जिभेला लोखंडाची चव आली.

पाठीच्या कण्यावरून, वरून खाली, एक ओली रेघ गेली.

"झालं," नाना म्हणाले. त्यांचा मोज्यातला पंजा गच्च मिटला होता.

उत्कर्ष वाडग्यातून बाहेर आला तेव्हा चार वाजून बारा मिनिटं झाली होती. तो आधी बाटलीभर पाणी प्यायला. ऊन फार होतं, सकाळपासून पोटात फक्त पोहे होते. अशा वेळी माणसाला काहीही जाणवतं.

नानांनी चष्मा काढला, टोपी नीट केली. डोळे ओले झाले होते. "पन्नास वर्षांत इतका भाव ह्या हातावर कुणी दाबला न्हाय," ते म्हणाले. "जाईबाई, कुठली गेली गं? मधीच चित्र गेलं, परत आलं ते अंधूक, मला नीट दिसलं न्हाय."

जाईबाई उठल्या. एकेकीच्या पाठीवरून हात फिरवत त्यांनी नऊही शेळ्या बघितल्या. कुणाच्याच पाठीवर काही नव्हतं. असणार तरी कसं, पट्टा तर अ‍ॅपमधला.

"सायेब, तुमचं मिशीन काय म्हणतंय?"

सौदा झाला की अ‍ॅप मालाचा फोटो काढून ठेवी. उत्कर्षनं तो उघडला. कडेला काळ्या शेळ्या, मधोमध गुडघ्यावर तो, तोंड उघडं, खालचा ओठ जरा लोंबलेला. फोटो हसण्यासारखा होता आणि उत्कर्ष हसलाही. खाली लिहिलं होतं: *दात जुळलेले, वय भरलेलं. वजन ६८.४ किलो. खूण हिरवी.*

तो दर रविवारी वजन करी. मागच्या रविवारी अडुसष्ट पॉइंट चारच भरलं होतं. मैनेला एकशे बारा सांगणाऱ्या अ‍ॅपनं पहिल्यांदाच बरोबर आकडा दिला होता.

जाईबाईंनी फोटो बघितला आणि त्या हसल्या नाहीत. "ह्यात तुमीच हाव की," त्या म्हणाल्या.

"फ्रेममध्ये मी आलो, मावशी. सॉफ्टवेअरला काय कळतंय."

"नाना," जाईबाई म्हणाल्या, "तुमी सायबाला इकलं."

नानांनी चष्मा पुन्हा चढवला, मोजा घातला आणि मोकळ्या हवेत हात पुढं केला. पडद्यावर दस्ती पसरली. तिच्याखाली काही हललं नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. वाडग्यात एका शेळीनं, मग दुसरीनं रवंथ सुरू केला.

"हात काढून घेतलाय," नाना म्हणाले. "सौदा मोडता यील का इचारणार होतो. पण ते निघालं."

"कुठं निघालं?"

"माल न्यायला. दुसरं कुठं?"

उत्कर्षला आता खरोखर उशीर होत होता. राहिलेल्या चार चाचण्या त्यानं भराभरा उरकल्या. चैतालीच्या मोज्याची बॅटरी भरली होती. आकडे बारा, चौदा, अकरा, तेरा, कसे शहाण्यासारखे. सगळे पास. मग त्यानं चौदाव्यापाशी येऊन बोट थांबवलं. दोन चौकोन होते, एक पास आणि एक फेल.

नाना टेबलापाशी येऊन उभे राहिले होते. त्यांनी दस्ती हातात गोळा करून धरली होती.

"सायेब, फेल लिवा."

"का?"

"तुमीच म्हनला, फेल लिवलं की पुसतंय." नाना म्हणाले. "म्या जन्मात हात मोडला न्हाय. सख्ख्या भावासाठी बी मोडला न्हाय. आज मोडतो. त्याची बदनामी येऊ द्या माझ्यावर. तुमी फेल लिवा."

उत्कर्षला म्हाताऱ्याची दया आली, आणि खरं सांगायचं तर थोडी लाजही वाटली. एवढा जीव तोडून कुणी त्याच्यासाठी काही मागितल्याला बरेच दिवस झाले होते. पण एक फेल म्हणजे सतरा, आणि सतराला खुर्ची नव्हती. सतरा म्हणजे पुन्हा बॅग. म्हणजे शिवांजलीच्या बाळंतपणात तो कुठल्या तरी बांधावर टॉवरखाली बसलेला.

"नाना, दिवा हिरवा आहे," तो मऊपणानं म्हणाला. "हिरव्याला फेल कसं लिहू?"

त्यानं पास दाबलं.

नानांनी दस्ती झटकून खांद्यावर टाकली. "बरं," ते म्हणाले. जाईबाईंनी त्याच्यासाठी आणलेला दुधाचा तांब्या तसाच टेबलावर ठेवला आणि त्या त्याच्याकडं न बघता वाडग्यात गेल्या. विकलेल्या जनावराकडं त्या कधीच बघत नसत. हे मात्र त्याला कुणी सांगितलं नाही.

उमरग्याच्या जीपमध्ये मधल्या सीटवर तो एकटाच होता. मागं सात जण दाटीवाटीनं बसले होते, त्यांतल्या एकालाही पुढं यावंसं वाटलं नाही. अर्ध्या वाटेत साहेबांचा फोन आला. साहेबांनी इतके सुंदर आकडे जन्मात बघितले नव्हते.

"उणे चाळीस म्हणजे कमालच केलीस. ऑर्डर उद्या निघेल. आता तुला कुठं फिरायला नको. एका जागी बांधून ठेवतो बघ तुला."

त्यानं शिवांजलीला फोन लावला. ती रडली, मग हसली, मग विचारलं, "कधी निघतोयस?" उद्या पहाटेची गाडी, तो म्हणाला. माकणीतलं काही बोलला नाही. पाठीला काहीतरी गार लागत होतं, त्याला वाटलं घाम असेल.

गल्लीत शिरला तेव्हा पावणेसात झाले होते. दिवेलागणीची गडबड होती. समोरच्या कस्तुराबाईंच्या अंगणात त्यांची तांबडी शेळी बसली होती, तोंड सावकाश हलत होतं. त्याला उगीचच बरं वाटलं. तुळजाबाई कणिक मळत होत्या. खुर्चीची बातमी सांगितल्यावर त्यांनी पिठाच्या हातानंच त्याचा गाल धरला आणि म्हणाल्या, "आंघोळ कर आधी. शेळ्यांचा वास यायलाय."

त्यानं टी-शर्ट काढून दोरीवर टाकला.

"हे काय लावून घेतलंस रं पाठीला?"

"काय?"

"हिरवं. मानंपासून खाली पार."

त्यानं टी-शर्ट दोरीवरून ओढला. काळं कापड आतून बाहेरून कोरडं होतं, कुठं डाग नव्हता. तुळजाबाईंनी बोट लावून बघितलं.

"ओलं हाय अजून," त्या म्हणाल्या.

टेबलावर फोन वाजला. त्यावर चाचणीच्या नेटवर्कच्या पाचही काड्या भरलेल्या होत्या. टॉवर दोन किलोमीटरचा, आणि माकणी मागं कुठल्या कुठं राहिली होती. नोंदींच्या पानावर सगळ्यात खाली नवी ओळ आली होती.

*माल ताब्यात. वेळ ७:०६.*

भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून तीन मिनिटं झाली होती. उत्कर्षनं मनगटावर बघितलं. तिथंही तीन.

म्हणजे या वेळी चूक घड्याळाची नव्हती; अजून तीन मिनिटं होती.

"आई," तो म्हणाला, "दार लावून घे."

"एवढ्या उकाड्यात?" तुळजाबाई म्हणाल्या, पण हात पुसत उठल्या. उंबऱ्यापाशी जाऊन त्या समोर बघत थबकल्या.

"कस्तुराबाईची शेळी बघ कशी बसलीय," त्या म्हणाल्या. "आपल्याच दाराकडं बघायलीय. तोंड बी हलवंना."